कूलंट नेमकं कुठून गळतंय? जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांविषयी एक व्याख्यान

मंडळी, सुरुवात एका मनाईपासून करू. गाडी तापली, बोनेट उघडलं, वाफ दिसली की हात आपोआप रेडिएटरच्या टोपणाकडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ११० अंशांच्या वर असूनही उकळत नसतं, कारण त्यावर दाब असतो. टोपण फिरवलं की दाब जातो आणि आतलं सगळं त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. रेडिएटरचा वरचा पाइप हातात धरवतो इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच टोपणाला हात लावा, तोही जाड फडकं घेऊन.

दाबाची गोष्ट आधी काढली, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मंनिम्मं घेतलं तर ते मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. १५ पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं एकक) टोपण असेल तर तेच मिश्रण जवळपास १२९ अंशांपर्यंत तग धरतं. बऱ्याच गाड्यांच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बार या दुसऱ्या एककात असतो, म्हणजे १३ ते १६ पीएसआय. आता सुईच्या टोकाएवढी गळती असलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. दिवसाकाठी अर्धा कप कूलंट गेलं, त्याने काय बिघडतं, असं वाटतं. पण त्या छिद्रातून दाबही जातो. मग चढावर, लो रेंजमध्ये (जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये), हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, जळलेले वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास कूलंट उकळायला लागतं. रेडिएटर जवळजवळ भरलेला असतानाही गाडी तापते ती अशी.

इथे तापमानाचा काटाही फसवतो. त्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच आकडा खरा. पातळी उतरून सेन्सर उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो, आणि नेमका तेव्हाच चालक निर्धास्त होतो. चढावर काटा विनाकारण खाली आला, किंवा हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, तर गाडी थांबवा.

जुन्या ऑफ-रोड गाडीला गळतीची इतकी हौस का? इंजिन रबरी माउंटवर, म्हणजे आधाराच्या ठोकळ्यांवर, हलतं, रेडिएटर वेगळ्या जागी बांधलेला असतो, आणि खडकाळ वाटेवर चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, पिळली जाते. इंजिन आणि रेडिएटरच्या हालचालीतला फरक पाइपांना सोसावा लागतो. एखादं माउंट फाटलेलं असेल तर फरक वाढतो. पाइपाचं तोंड ओढलं जातं, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीची नळी तडकते, कधी पंखाच रेडिएटरला जाऊन भिडतो. खोल पाण्यातून जाताना तर धडधाकट पंख्याची पातीही पुढे वाकतात आणि जाळी खरवडतात. म्हणून रेडिएटर बदलायच्या आधी इंजिनची माउंट आणि रेडिएटरच्या बुडाखालचे रबर पाहा. नाहीतर नवा रेडिएटरही त्याच जागी फुटेल.

आता शोध. थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. धावत्या गाडीत वारा कूलंटला मागे ढकलतो, इंजिनखालच्या गार्डवर साचलेला चिखल ते शोषून घेतो, आणि डाग भलतीकडेच उमटतो. इंजिन आधी धुऊन वाळवा. मग थंड इंजिनवर, टोपणाच्या जागी हाताने चालवायचा प्रेशर टेस्टर लावा. टोपणावर जेवढा दाब लिहिला आहे तेवढाच भरा. त्याहून जास्त भरलात तर जुना हीटर कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) तुमच्या हातून फुटेल. १५ मिनिटं थांबा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. ओल दिसली नाही तरी वाळलेल्या कूलंटचा पांढरा, हिरवट किंवा गुलाबी थर माग दाखवतो. टोपणही त्याच पंपाला अडॅप्टर जोडून तपासा. त्यात दोन झडपा असतात: एक जादा दाब सोडते, दुसरी इंजिन निवताना बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत आत घेते. सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर ही दुसरी झडप अडकली आहे असं समजा.

काही गळत्या फक्त थंडीत दिसतात, कारण धातू आकसला की क्लिप सैल पडते. काही फक्त गरम असताना. थंड चाचणीत काही सापडलं नाही तर इंजिन चालवून गरम करा, बंद करा आणि बोनेटखाली पुन्हा बघा.

पाइपांबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण बहुतेकांचा पैसा आणि वेळ इथे वाया जातो. रबर बाहेरून नाही, आतून मरतं. इंजिन, कूलंट आणि धातूची नळी मिळून सौम्य विद्युत-रासायनिक क्रिया चालते आणि पाइपात लांबीच्या दिशेने बारीक भेगा पडतात, बहुधा टोकांपाशी. टोकापासून पाच सेंटिमीटरच्या आत बोटांनी दाबा, मग मधोमध दाबा. टोकाशी जास्त मऊ किंवा चिरा असल्यासारखं लागलं तर पाइप बाद. तेल लागून फुगलेला पाइपही बाद. बदलताना जुना पाइप ओढून काढू नका, उभा चिरून सोलून काढा. रेडिएटरची नळी ओढाताणीने तुटते. ॲल्युमिनियमच्या तोंडावर खड्डे आणि पांढरी भुकटी असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. खड्डे खोल असतील तर तो भागच बदला, कारण क्लिप कितीही आवळली तरी तिथून झिरपणारच. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, पाइपाच्या कडेपासून तीन ते सहा मिलिमीटर आत. उंचवट्यावरच आवळली तर पाइप कापला जातो. मूळ स्प्रिंगच्या क्लिपा काढून सरसकट स्क्रूच्या लावायची पद्धत आहे. माझं मत तिच्याविरुद्ध आहे: स्प्रिंग तापमानानुसार स्वतःच ताण सांभाळते, स्क्रूची क्लिप सांभाळत नाही.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटं छिद्र असतं. तिथे वाळका डाग चालतो, थेंब चालत नाही. थेंब म्हणजे आतलं सील गेलं. ते छिद्र बुजवलं तर कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जागीच जाम होतो. पुली धरून हलवा, जराही खेळ लागला तर पंप बदला.

वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या वाट्या, वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या गाडीत आतून गंजतात. एक गळला तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, हात पोहोचेल तेवढे सगळे बदला. पितळी प्लग मिळाले तर तेच घ्या. लांब बॉडीच्या, मागे दुसरा हीटर असलेल्या गाड्यांत फरशीखालून लोखंडी नळ्या जातात. त्या पट्ट्यांखाली चिखल धरतात आणि नेमक्या तिथेच कुजतात.

बाहेर कुठेच ओल नाही आणि तरीही टेस्टरचा काटा उतरतोय? मग बहुधा दोनच वाटा उरतात. पायाशी गालिचा ओला, काचेला आतून तेलकट धुकं, गोडसर वास असेल तर हीटर कोर. तसं नसेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा, संशय घ्या. ऑइलच्या टोपणाखालचा पांढरा साका पुरावा मानू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या बाष्पानेही जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल तर गोष्ट वेगळी. खात्रीसाठी निळ्या द्रावणाचा ब्लॉक टेस्टर वापरा: रेडिएटरच्या तोंडाशी जळलेले वायू असतील तर पेट्रोल इंजिनमध्ये ते पिवळं पडतं, डिझेलमध्ये बहुधा हिरवट. गॅस्केट बदलताना हेडची सपाटी सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजल्याशिवाय हेड परत बसवू नका.

आता एक तक्रार, जी हमखास ऐकू येते: पाइप बदलला आणि आठवड्यात रेडिएटर गळायला लागला. यात मेकॅनिकचा दोष असतोच असं नाही. जुन्या गळतीमुळे सिस्टिममध्ये कधी पुरा दाब चढतच नव्हता. ती बंद झाली, दाब चढला, आणि पुढचा कमजोर दुवा उघडा पडला. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा प्रेशर टेस्ट करा, म्हणजे पुढची गळती गॅरेजमध्येच सापडेल.

भरण्याची रीत. आतून नळाच्या पाण्याने धुतलं असेल तर ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहून जातं. अशा वेळी आधी निम्म्या क्षमतेइतकं शुद्ध कूलंट घाला, १२ लिटरची सिस्टिम असेल तर सहा लिटर, आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका, रंगावर तर मुळीच जाऊ नका. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, थर्मोस्टॅटमध्ये (कूलंट गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेत) हवा सोडायचं छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला. हळूहळू भरा. वरचा पाइप गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, निवू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पाहा, एकदा तरी कमी भरतेच. काढलेलं कूलंट डब्यात साठवा. ते गोड असतं, जनावरं पितात, आणि मरतात.

गळती बंद करणाऱ्या पुडीचं काय, हा प्रश्न येणारच. ती छिद्र आणि हीटर कोरच्या बारीक नळ्या यांत फरक करत नाही, दोन्ही बुजवते. रानात दुसरा उपाय नसेल तेव्हाच घाला आणि परत आल्यावर सिस्टिम धुऊन काढा. त्याआधी करण्यासारखं बरंच असतं. हीटर कोर गळत असेल तर त्याचे दोन पाइप एका नळीच्या तुकड्याने एकमेकांना जोडून कोर बाजूला काढता येतो. पाइप चिरला असेल तर तो पुसून कोरडा करा आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळा. मग टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, म्हणजे दाब चढणार नाही. त्या अवस्थेत इंजिन लवकर उकळेल हे ध्यानात ठेवून हळू चला, आणि पाणी वाढवायचं तर इंजिन निवल्यावरच. तापलेल्या हेडवर थंड पाणी पडलं तर तडा जातो, आणि मग ती टेप कामाची नाही.