दाढा टेकतात, पुढचे दात टेकत नाहीत

नमस्कार, श्रोतेहो. दाढांवर दाढा नीट टेकल्या, तरी वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत आणि मध्ये फट राहते, अशा ठेवणीला ओपन बाइट म्हणतात. अशा व्यक्तीला दातांनी साधा दोरासुद्धा तोडता येत नाही, आणि ‘स’ म्हणताना जीभ त्या फटीत सरकते. फट पुढे दिसते म्हणून पुढचेच दात ओढून घ्यावेत, असे कोणालाही वाटेल. परंतु मूळ पुष्कळदा दाढांच्या उंचीत, जबड्याच्या वाढीत किंवा एखाद्या सवयीत असते.

लहान मुलांत अंगठा चोखणे हे नेहमीचे कारण. कायमचे पुढचे दात येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण ६-७ वर्षांपर्यंत ही सवय सुटली, तर फट बहुधा आपोआप भरून येते. सुटत नसेल, तर वरच्या दातांच्या मागे तारेची छोटी जाळी बसवतात, जी अंगठ्याला आणि जिभेला अडवते. मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नाक चोंदलेले असताना दातांना तारा लावण्याची घाई मला तरी पटत नाही.

कायमचे दात आल्यावर तारा आणि वरखालच्या दातांना अडकवायचे रबर यांनी सौम्य फट मिटवता येते, मात्र रबर रोज न चुकता लावावे लागते. दाढा जास्त उंच असतील, तर भूल देऊन हाडात बारीक स्क्रू बसवतात आणि त्यांच्या आधाराने दाढा हळूहळू हिरडीकडे दाबतात. दाढ १ मिलिमीटर आत गेली, तर खालचा जबडा बिजागरीसारखा वर फिरून पुढची फट सुमारे २ ते ३ मिलिमीटरने कमी होते. पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे काढता-घालता येणारे साचेही निवडक रुग्णांत उपयोगी पडतात, पण ते दिवसाचे २०-२२ तास घालावे लागतात. दोष जबड्याच्या हाडातच मोठा असेल, तर वाढ पूर्ण झाल्यावर वरचा जबडा मागच्या बाजूने उचलणारी शस्त्रक्रिया करतात. तिच्या आधी आणि नंतरही तारा लागतातच.

फट मिटल्यावरही गिळताना जीभ दातांवर रेटली जात राहिली, तर फट पुन्हा उघडू शकते. म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन, आणि त्याबरोबर जिभेचे व्यायामही सांगतात: जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या खरखरीत उंचवट्यावर टेकवायचे, दाढा मिटायच्या आणि मगच आवंढा गिळायचा.