लवचीक ट्रायपॉड निवडताना

(परभणीत निसर्गछायाचित्रणाची आवड असलेल्या मंडळींसमोर दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मित्रहो, जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की काळ्या मातीवर लाल मखमली किडे फिरू लागतात, आणि आपल्यापैकी अनेकांना क्लोजअपचा नाद या मृगाच्या किड्यापायीच लागलेला असतो. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला हा जीव जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा. त्याच्या समोरासमोर कॅमेरा न्यायचा, तर तो जमिनीपासून चार बोटांवर हवा, आणि नेहमीच्या ट्रायपॉडचा मधला दांडा सहसा तेवढे खाली येऊच देत नाही. लवचीक पायांचा ट्रायपॉड तिथे तिन्ही पाय पसरून बसतो. तो विकत घेताना मात्र पाय किती वाकतात एवढेच आपण पाहतो. वाकवल्यावर ते तिथेच राहतात का, हे पाहायचे राहून जाते.

क्लोजअपमध्ये ही चूक महागात पडते. किडा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलावर, जेवढ्यास तेवढा उमटवायचा म्हटले, तर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान ठेवूनही सुस्पष्ट दिसणारी खोली साधारण १ मिलिमीटरच मिळते. शिवाय इतक्या जवळून टिपताना सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश चौथाईवर येतो आणि शटरचा वेळ चौपट करावा लागतो. तेवढ्या वेळात पायाचा एखादा सांधा किंचित जरी खचला, तरी तोंडावर धरलेला फोकस पाठीवरच्या लवेवर जातो.

लवचीक पाय मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. आत जाड तार आणि वर फोमचे आवरण असलेले पाय मोबाइलला पुरतात, पण वारंवार वाकवून ती तार एके दिवशी आतल्या आत तुटते. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या, लेन्ससाठी गोळी आणि खोबणीच्या सांध्यांचेच पाय घ्यावेत, आणि नवेपणी ते फिरवायला जड गेले तर ते चांगले लक्षण समजावे.

आता वजनाचे पाहू. कॅमेरा ६०० ग्रॅम, मॅक्रो लेन्स जवळपास तेवढीच, वर फ्लॅश, म्हणजे दीड किलोचा हिशेब झाला. लेन्स पुढे झुकलेली असल्याने हे वजन तराजूच्या दांडीच्या टोकाला टांगल्यासारखे ओढते, म्हणून खोक्यावर छापलेला, ट्रायपॉड किती वजन पेलतो तो आकडा याच्या निदान दुप्पट असावा असे मी मानतो. तो आकडा पायांचा आहे की वरच्या बॉल हेडचा, म्हणजे कॅमेरा हव्या त्या कोनात धरणाऱ्या गोळीच्या सांध्याचा, हेही विचारावे. माझ्या पहिल्या ट्रायपॉडचे पाय भक्कम होते, हेड मात्र कच्चे. गौताळा अभयारण्यात रुईच्या पानावरची अळी टिपत असताना ते सावकाश वाकत गेले आणि लेन्सचे तोंड चिखलाला टेकले.

तेव्हापासून मी दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स घेऊन जातो. पाय वाकवून, लेन्स आडवी ठेवून समोरच्या छापील कागदावरचे एक अक्षर पडद्यावर दहापट मोठे करायचे, हात काढून घ्यायचे आणि दोन मिनिटे नुसते पाहायचे. अक्षर चौकटीत हळूहळू वर सरकू लागले, तर कॅमेरा खाली झुकतो आहे, आणि तो ट्रायपॉड परत द्यावा.

फांदीला विळखा घालून कॅमेरा बसवण्याची सोय मोहक खरी, पण पावसाळी वाऱ्यात फांदीच डोलते. विळखा मनगटाहून जाड फांदीलाच घालावा, नाहीतर जमीन बरी. ओल्या काळ्या मातीत पाय रुतू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवावा, पायांवर दोन किलो सोयाबीन भरलेली कापडी पिशवी टाकावी आणि शटर २ सेकंदांच्या टायमरवर सोडावे. घरी आल्यावर सांध्यांत शिरलेली माती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच मऊ ब्रशने झाडावी. तेल मात्र लावू नये, कारण या सांध्यांची सारी पकड घर्षणावरच असते.