शंभर चौकटी, बेचाळीस संख्या

पाढे पाठ असावेत, याबद्दल माझं दुमत नाही. संगणक गुणाकार करून देतो म्हणून पाठांतर सोडा, असं सांगायला मी इथे उभा नाही. अडचण वेगळीच आहे. पाढे एकदा पाठ झाले की त्यांच्याकडे कुणी बघतच नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एकात एक असे दोन लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना, लिहिले की दहापर्यंतचा तक्ता छापून होतो. रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगणाऱ्या सूचनेत, १ आणि १० लिहिलं तर पाढा 'नव्वे'वर थांबतो, 'दाहे' येतच नाही, कारण रेंज शेवटची संख्या धरत नाही. मुलं वैतागतात आणि ११ लिहायला शिकतात.

आता विचारा, या शंभर चौकटींत वेगवेगळ्या संख्या किती? सगळी उत्तरं सेटमध्ये टाकायची. सेट प्रत्येक संख्या एकदाच ठेवतो. मोजल्यावर येतात ४२. मग बाकीच्या कुठे गेल्या? तीन चोक आणि चार त्रिक एकच, म्हणून ४५ जोड्या आधीच गळतात, उरतात ५५. पण सहा चोक चोवीस आणि आठ त्रिकही चोवीस. अशा दोन-दोन जागी येणाऱ्या संख्या १३ निघतात. कोणत्या, ते मी सांगत नाही. कोडमध्ये एक ओळ वाढवली की यादी मिळते.

खरी गंमत पुढे आहे. दहाच्या जागी शंभर लिहा. दहा हजार चौकटींत वेगळ्या संख्या फक्त २,९०६. हजार लिहिलं तर दहा लाखांत २,४८,०८३. म्हणजे प्रमाण ४२ टक्के, मग २९, मग २५. पॉल एर्डिश या गणितज्ञाने १९५५ मध्ये सिद्ध केलं की तक्ता वाढवत नेला तर हे प्रमाण शून्याकडे जातं. पाढ्यांच्या तक्त्यातून थेट संशोधनापर्यंत! मला तरी याहून छोटी वाट माहीत नाही.

भागाकारात तक्ता भागून उरणाऱ्या बाकीचा करावा. पायथनमध्ये टक्क्याचं चिन्ह बाकी देतं. प्रत्येक आडव्या ओळीला एक भाज्य, प्रत्येक उभ्या रकान्याला एक भाजक, दोन्ही एकपासून तीसपर्यंत. जिथे बाकी शून्य, ती चौकट रंगवायची. ज्या ओळीत दोनच चौकटी रंगतात, त्या मूळ संख्या. ४, ९, १६, २५ यांच्या ओळींत रंगीत चौकटी विषम निघतात. का, ते मुलांना शोधू द्या. घाई करू नका.

भाजकाच्या लूपमध्ये नुसतं रेंज(१०) लिहिलं, तर मोजणी शून्यापासून सुरू होते आणि प्रोग्रॅम पहिल्याच भागाकाराला बंद पडतो. तेव्हा नियम सांगत बसू नये. सातला शून्याने भागून जे येईल, त्याला शून्याने गुणल्यावर सात यायला हवेत. मग शून्याचा पाढा छापा आणि त्यात सात शोधा, म्हणावं. शून्य भागिले शून्यचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तिथे उलटी पंचाईत: तो शून्य पाढ्याच्या प्रत्येक ओळीत सापडतो.