सांबा सिंबलवर गेला तेव्हा

[दृश्य: उजवा हात आणि राइड सिंबल, म्हणजे ड्रमसेटमधली मोठी झांज, अगदी जवळून]
एका मात्रेत चार ठोके, चारही सारख्या अंतरावर. ब्राझीलचा सांबा आणि अमेरिकेचा जॅझ यांचा मेळ म्हटलं की गिटारचं नाव आधी निघतं. आम्ही सुरुवात या मनगटापासून करतोय.

[दृश्य: कोपाकबानातली गल्ली]
रिओ द जानेरोमधली बेको दास गार्राफास, म्हणजे बाटल्यांची गल्ली. रात्रीच्या गोंगाटाला वैतागून वरच्या मजल्यांवरचे रहिवासी इथे बाटल्या भिरकावत. १९६० च्या आसपास इथल्या चिमुकल्या क्लबांत पियानो, बास आणि ड्रमसेट एवढंच मावायचं. कार्निव्हलमध्ये कितीतरी वादकांत वाटलेला ताल एकट्या ड्रमवाल्याने सांभाळायचा. त्यातही सांबा कातड्यावर वाजायचा आणि जॅझची लय सिंबलवर. एडिसन माशादो या ड्रमवाल्याने सांबाच सिंबलवर नेला.

[दृश्य: दोन्ही पाय]
उजवा पाय मात्रेच्या पहिल्या आणि चौथ्या भागावर बास ड्रम वाजवतो, डावा तिसऱ्या भागावर हाय-हॅट, म्हणजे पायाने वाजणारी झांजांची जोडी, मिटतो. ताल दोन मात्रांचा, वजन दुसरीवर. पहिलीवर जोर पडला की थेट कवायतीचा बँड! डावा हात स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवर काठी आडवी टेकवून तांबोरिमचे, म्हणजे सांबातल्या छोट्या चर्मवाद्याचे, आडे बोल काढतो.

[दृश्य: तोच वादक, मुद्दाम चुकवून]
आता बिघाड ऐका. जॅझच्या सवयीने हात मात्रेचे तीन भाग पाडतो, पाय चारच. हाताचा शेवटचा ठोका दोन-तृतीयांशावर पडतो, पायाचा तीन-चतुर्थांशावर. फरक मात्रेच्या बाराव्या हिश्श्याचा, पण लय लंगडते. त्यात बासवाल्याने जॅझसारखे चालते, मात्रेगणिक बदलत जाणारे स्वर लावले तर उरलंसुरलंही गेलं. इथे पहिल्या मात्रेला मूळ स्वर, दुसरीला पंचम, एवढंच.

[दृश्य: नायलॉनच्या तारा]
गायक-गिटारवादक जोआंव जिल्बेर्तोने १९५८ मध्ये हीच वाटणी गिटारवर ध्वनिमुद्रित केली. अंगठा सुर्दोचा, म्हणजे सांबातल्या मोठ्या ढोलाचा, ठेका धरतो, तीन बोटं मिळून तांबोरिमचे बोल छेडतात.

[दृश्य: तबकड्यांची वेष्टनं]
फेब्रुवारी १९६२. वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड या अमेरिकनांनी ‘जॅझ सांबा’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. ड्रमवर दोघं बसले होते. पुढच्या वर्षी ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. माशादोच्या नावाची तबकडी निघाली १९६४ मध्ये, ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनसकट. तोवर तिकडे अमेरिकेत बोसा नोव्हा, ही सांबातून निघालेली नवी शैली, म्हणजे हळुवार गिटार, हे ठरून गेलं होतं.