मागून पंचवीस मिलिमीटर

[दृश्य: घाटात उभी बाइक, पेट्या लादलेल्या. चवड्यावर टेकलेला बूट.]

रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११. सीटची उंची ८०० मिलिमीटर. कमी उंचीच्या माणसाची सपाट रस्त्यावर निभावणी होते. खरी पंचाईत होते ती रस्ता एका बाजूला उतरता असला आणि मागे सामान भरलेलं असलं की. पाय टेकायला जावं, तर जमीन दोन बोटं खाली.

गाडी खाली आणायची पहिली युक्ती कुणीही सांगतो : प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कमी करा. गाडी खाली बसते, पण मागच्या चाकाला मिळालेल्या १८० मिलिमीटर हालचालीतला बराच भाग नुसतं बसल्यावरच संपतो आणि पुढचा स्पीडब्रेकर थेट पाठीत लागतो. म्हणून आधी सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागून किती बसते ते, मोजायची. चाक हवेत असताना चाकाच्या आसापासून म्हणजे अ‍ॅक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग सामानासकट बसून तेच माप पुन्हा. फरक ४५ ते ६० मिलिमीटर असावा. प्रीलोड त्यासाठी आहे, उंचीसाठी नाही.

[दृश्य: मोनोशॉकखालची लिंक, जवळून. बोल्टभोवती सुकलेला चिखल.]

उंचीसाठी बदलायची ती ही लिंक, मागच्या शॉकला चाकाच्या हालचालीशी जोडणारी पट्टी. बहुतेक गाड्यांत लांब लिंक लावली की मागचा भाग उतरतो, काहींत रचना उलटी असते. त्यामुळे लिंक आपल्याच मॉडेलची घ्या. पट्टीला भोकं पाडून जुगाड करण्याची ही जागा नव्हे.

लिंक बदलून मागे २५ मिलिमीटर उतरले म्हणजे सीटही तेवढीच उतरते असं नाही. सीट अ‍ॅक्सलच्या पुढे असते. १४६५ मिलिमीटरच्या व्हीलबेसमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधल्या अंतरात, बसायची जागा अ‍ॅक्सलपासून साधारण ४५० पुढे धरली, तर पदरात पडतात जेमतेम १७.

गाडी सेंटर स्टँडवर घ्या. मागच्या चाकाखाली जॅक लावून चाकाचं वजन उचलून धरा. जुन्या लिंकचा बोल्ट काढताना अडला तर हातोडा नको. जॅक थोडा वर, थोडा खाली. वजन नेमकं तोललं गेलं की बोल्ट बोटाने सरकतो. नीडल बेअरिंग पुसून पाणी न धरणारं ग्रीस भरा. लॉकनट नवे लावा आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा.

इथवर तासाभराचं काम. पण शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दबण्याचा पल्ला, तोच राहिला आहे, त्यामुळे पूर्ण दबल्यावर चाक पूर्वीपेक्षा २५ मिलिमीटर वर चढणार. तिथे मडगार्ड आहे, वायरिंग आहे. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर लावून शॉकची स्प्रिंग काढून घ्या, नुसता शॉक बसवा आणि जॅकने चाक टोकापर्यंत उचला. टायर आणि प्लास्टिकमधून बोट फिरलं पाहिजे.

स्प्रिंग निघालेलीच आहे, तर चेनही बघून घ्या. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हाताचा) सांधा आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणते. तिथेही थोडी ढील उरायला हवी. मग स्प्रिंग परत चढवून सेंटर स्टँडवर ढील मोजा. इथून पुढे तोच आकडा धरायचा.

[दृश्य: फोर्कच्या टोकावर व्हर्नियर.]

फक्त मागून उतरवलेली गाडी वळायला आळशी होते, पुढचं चाक हलकं वाटतं. फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, पाय क्लँपमधून दहा मिलिमीटर वर सरकवा, एका वेळी एक पाय, दोन्हींचं माप अगदी सारखं.

साइड स्टँड आता लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या एका झोताने उजवीकडे कलंडू शकते. स्टँड थोडा थोडा कापा. जास्त कापलेला पुन्हा जोडत बसणं कटकटीचं. सेंटर स्टँडवर चढवायला मात्र जास्त जोर लागेल, त्याला इलाज नाही. हेडलाइटचा झोत वर गेलेला असतो, तोही भिंतीसमोर लावून खाली घ्या.

शेवटी लिंकच्या प्रत्येक नटवरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. दोनशे किलोमीटरनंतर टॉर्च मारून बघा. रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे.