'थोडीशीच' म्हणजे किती?

"घेता का?" असं विचारलं की आपल्याकडं उत्तर ठरलेलं असतं. "कधीमधी. थोडीशीच." दारू सोडवणारा समुपदेशक म्हणून माझं सगळं काम या 'थोडीशीच'पासून सुरू होतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीतला मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, माझ्याकडं आला होता. मी त्याच्यापुढं पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला ठेवला. म्हटलं, रोज ओतता तसं ओता. त्यानं सवयीच्या हातानं ओतलं आणि म्हणाला, "हा एक पेग." मापात ओतून बघितलं तर ९० मिली! असे दोन झाले की क्वार्टर संपली. त्या १८० मिली व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनात साधारण ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एक ड्रिंक १० ग्रॅमचं धरते. गड्याचे 'दोन पेग' खरे सहा निघाले. तो गप्पच झाला.

दारू कमी करायला मदत करणारी मोबाईलमधली ॲप्स मुख्यतः हाच हिशेब करतात. शिवाय 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी असते, ४० गुणांची. ८ किंवा जास्त आले तर सावध व्हायचं, २० किंवा त्यापुढं गेले तर तज्ज्ञ गाठायचा. हीच चाचणी मी समोर बसून घेतली तर माणूस दोन-चार गुण खिशात ठेवतो. फोन कुणाच्या भावकीतला नसतो, त्याला खरं सांगतात.

उपयोग किती? कॉक्रेन ही संस्था जगभरातलं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासते. तिच्या २०१७ च्या आढाव्यात ५७ अभ्यास होते, बहुतेक श्रीमंत देशांतले. डिजिटल मदत घेणारे इतरांपेक्षा आठवड्याला सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल कमी पीत होते. म्हणजे आपली अर्धी क्वार्टरसुद्धा नाही. हसू नका. फुकटात आणि घरबसल्या एवढं होत असेल तर मला ते चालतं.

मला जास्त आवडला तो अमेरिकेतला २०१४ चा प्रयोग. उपचार घेऊन घरी निघालेल्या लोकांना फोन दिले. जुन्या गुत्त्याजवळ गेलं की फोन इशारा द्यायचा, आणि जीव कासावीस झाला तर दाबायला बटण होतं. नुसते उपचार घेतलेल्यांचे जादा पिण्याचे दिवस महिन्याला पावणेतीन होते, फोनवाल्यांचे दीडपेक्षा कमी. आपल्या मोल्डरनं असलं काही न वाचता साडेसहाचा गजर लावला. त्यावर लिहिलं, 'आधी भडंग खा'. शिफ्ट सुटल्यावर पोटात काही नसतं आणि वाटेत दारूची तीन दुकानं. निम्मी तल्लफ भुकेचीच होती, असं तोच म्हणाला.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, घाम फुटतो आणि घोटभर घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, त्यानं ॲप बघून एकदम दारू सोडायची नाही. अशा माणसाला एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होऊन तो दगावूही शकतो. त्याला डॉक्टर लागतो, औषधं लागतात, बी-१ जीवनसत्त्व लागतं. कुठं जायचं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे नंबर लिहून घ्या.

मोल्डरनंही असलं एक ॲप घेतलं होतं, ते तीन आठवड्यांत काढून टाकलं. सगळं इंग्रजीत, कोण वाचणार? आता तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. बायको तिथंच दुधाचा हिशेब मांडते. एकाच चौकोनात तिचं दोन लिटर आणि याचे नव्वद. महिनाअखेरीला बेरीज दोन्हींची तीच करते.