मऊ प्लास्टिक, वार आणि बाळाचा दमा

(दृश्य : कोपरखैरणे, पावसाळा. भाड्याच्या खोलीत फरशीवर अंथरलेलं फुलाफुलांचं प्लास्टिकचं कार्पेट.)

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक. नळाचा पाइप त्याचाच. हे कार्पेट मात्र गुंडाळता येतं, कारण त्यात मऊपणासाठी तेलकट रसायन मिसळलेलं असतं, बहुधा फ्थॅलेट. मऊ मालात वजनाचा तिसरा हिस्सा तेच असू शकतं. प्लास्टिकशी ते रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, म्हणून उष्णतेनं सुटतं, तेलात उतरतं, घरातल्या धुळीत बसतं. गरोदर बाईच्या पोटात किंवा श्वासात गेलं की वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचतं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने 2014 मध्ये 300 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. आयांची लघवी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तपासली होती. ब्युटिल बेन्झिल आणि डाय-ब्युटिल या दोन फ्थॅलेटचे अंश ज्यांच्यात सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांत 5 ते 11 वर्षांच्या वयात दम्याचा धोका 70 टक्क्यांहून जास्त दिसला. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण ठरत नाही.

कारणाचा माग जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी उंदरांत काढला. गाभण माद्यांना ब्युटिल बेन्झिल फ्थॅलेट दिल्यावर पिल्लांच्या श्वासनलिकेला ॲलर्जीची सूज जास्त आली, आणि पिल्लांच्या पिल्लांनाही. ॲलर्जीच्या पेशी घडवणारं गाटा-3 नावाचं एक प्रथिन असतं. त्याला आवरणाऱ्या जनुकांवर मिथाइल गट, म्हणजे जनुक बंद करणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, चिकटल्या होत्या. जनुकं शाबूत, पण गप्प. लगाम सुटला.

(दृश्य : ओटा. वाफाळती आमटी, स्टीलचा डबा.)

हे रसायन शरीरातून साधारण दिवसभरात लघवीवाटे जातं. तरी ते सापडत राहतं, कारण रोज नव्यानं आत येतं. म्हणून रोजच्या सवयीच बदलायच्या. गरम किंवा तेलकट पदार्थ स्टील वा काचेत ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक नको. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात 3 असेल तर तो पीव्हीसी. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला मऊ करावं लागत नाही. पार्सल चहाची पातळ पिशवी बहुधा पॉलिथिनची, पण पुनर्वापराच्या मालात काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. घरूनच किटली न्यावी.

आता कार्पेट. खालच्या सिमेंटला ओल आली की तिच्यातला अल्कली फ्थॅलेट फोडतो, आणि त्यातून उग्र वासाचं एक अल्कोहोल हवेत येतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे घडू शकतं. वास मारण्यासाठी रूम फ्रेशनर मारणं हा तर उफराटा उपाय, कारण सुगंधी मालातही डायएथिल फ्थॅलेट असू शकतं. कार्पेट काढून टाका, फरशी वाळू द्या. केर काढण्याआधी ओलं फडकं फिरवा. कोरड्या झाडूनं धूळ उडते आणि नाकातच जाते. रेक्झिनचा सोफा, टेबलावरचं प्लास्टिक यांवरूनही तेच फडकं.

खेळण्यांवर आयएसआयची खूण बघा. भारतात 2021 पासून ती सक्तीची आहे, आणि मानकात फ्थॅलेटची मर्यादा 0.1 टक्का.

(दृश्य : ठाणे-बेलापूर रस्ता, संध्याकाळची गर्दी.)

मुलाच्या दम्याला एकटं प्लास्टिक जबाबदार नसतं. विडी-सिगारेट, मच्छर कॉइल, भिंतीवरची बुरशी, या रस्त्यावरचा धूर, घराण्यातला दमा, सगळ्यांचा वाटा असतो. काही औषधी गोळ्यांवरच्या लेपातही फ्थॅलेट असतं, पण त्या धास्तीनं औषध सोडू नका. डॉक्टरांना पर्याय विचारा. आईला दमा असेल तर इन्हेलर गरोदरपणातही चालूच ठेवायचा. झटका आला आणि आईचा ऑक्सिजन घटला, तर बाळाचाही घटतो.